कालव्याकडची बाजू

आई, वारज्यातलं दुकान मी अजून चालवते. लोक अजून तसेच आत येतात, खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणतात, "कंपाउंड करायचंय," आणि मी अजून तुझाच प्रश्न विचारते: भीती कोणाची आहे? तू चष्म्यावरून बघत हे विचारायचीस तेव्हा माणसं गोंधळून जायची. कुत्र्यांची असेल तर साधी जाळी पुरे, चोरांची असेल तर वर काटेरी तार, गोडाऊनमधला माल लोकांच्या नजरेस पडायला नको असेल तर पत्रे. कोथरूडचे एक निवृत्त प्राध्यापक बंगल्याला मेंदी लावू की लोखंडी ग्रिल, यावर अर्धा तास बोलत बसले होते. तू शांतपणे म्हणालीस, "अहो, शेजाऱ्याचं तोंड बघायचं नाही, एवढंच ना? मग सहा फुटी भिंत घाला. मेंदी वाढेपर्यंत तुम्हा दोघांतलं कोणीतरी जाईल." ते रागावले नाहीत. भिंतीची ऑर्डर देऊन गेले.

गिऱ्हाइकांना तुझी ती जीभ आवडायची, कारण ती त्यांच्या घरी जात नव्हती. आपल्या घरी ती सकाळच्या चहापासून सुरू व्हायची. बाबा गेले तेव्हा लोक म्हणाले दुकान विकून टाक. तू जाळी विणायचं मशीन स्वतः चालवायला शिकलीस, आणि मी वीस वर्षांची झाले तेव्हा मला साइटवर उभी केलीस. मी ते मागितलं नव्हतं. पण मला ते जमावं असं मात्र वाटत होतं, आणि तुला ते जमल्याचं दिसावं असंही.

कालव्याजवळचा तो मोठा प्लॉट आठवतो ना. एका कंपनीने घेतला होता, चारी बाजूंनी जाळी मारून मागितली होती. प्लॉटच्या मागे, कालव्याच्या कडेला, मामाची रोपांची नर्सरी. तुझा धाकटा भाऊ, तूच वाढवलेला. नर्सरीत जायची वाट त्या प्लॉटमधूनच होती. गिऱ्हाईकही तिथूनच यायचं, पाण्याचा टँकरही. मामाला वाटलं होतं की ताईला काम मिळालंय म्हणजे आपली वाट राहणार. तिसऱ्या दिवशी तो डोक्याचा रुमाल हातात घेऊन आला आणि कंपनीच्या सुपरवायझरसमोर म्हणाला, "ताई, मागच्या बाजूला एक फाटक ठेव." तू वर न बघता म्हणालीस, "ऑर्डरमध्ये फाटक नाही." त्याने रुमाल परत डोक्याला बांधला. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसला आणि कुंड्यांमधून निघून गेला.

मी त्याच वेळी एका खांबाला जाळी बांधत होते. लक्ष मामाकडे होतं, जाळी सैल राहिली. तू आलीस, दोन बोटांनी ती हलवून दाखवलीस, मला नाही, सुपरवायझरला. म्हणालीस, "हिचं लग्न लावून टाकते आता. माल जरा हलका आहे, पण आपण बोलायचं नाही." तो हसला. आपले दोघे कामगार हसले. मी पकड खाली ठेवली नाही, रडलेही नाही, पण कान दिवसभर गरम होते.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तू स्कूटरजवळ उभी राहून हळू आवाजात मला सांगितलंस की मागच्या बाजूला शेवटचा जोड येईल तिथे तार पिळू नकोस, नुसती अडकवून ठेव. मामा उद्या उजाडताच ती सोडवून तेवढी जाळी काढेल; मग जाळी कमी पडली असं तू सांगशील आणि तिथे फाटकच बसवून घ्यायला लावशील. कामगारांना यातलं काही कळता कामा नये, म्हणून हे माझ्यावर सोपवत होतीस. तेव्हा मला समजलं की सकाळचं ते ‘फाटक नाही’ फक्त सुपरवायझरला ऐकवण्यासाठी होतं. माझ्याबद्दलचं मात्र तू खरंच बोलली होतीस, असं मी धरून चालले.

तू पुढे निघून गेलीस. मी शेवटच्या जोडाशी एकटी उभी आहे, पलीकडे मामा रोपांवर पाणी शिंपडतोय, तो मला हात करतो. मी त्याला हात करते. मग जाळी ताणते, इतकी की तळहाताची साल निघते, आणि तार सात ठिकाणी पिळून टाकते. मामाचा विचार मनात आला नाही असं नाही. आला होता.

सकाळी सुपरवायझर तुझ्या आधी पोहोचला होता. त्याने प्रत्येक खांब हलवून पाहिला, सही केली, वॉचमन बसवला. तू मागच्या बाजूला गेलीस, जाळीवर हात ठेवलास आणि सातही पिळे एकेक करून चाचपलेस. मग म्हणालीस, "छान ताणलीस. शिकलीस एकदाची." आयुष्यात तू मला दिलेली ती एकच शाबासकी.

उन्हाळ्यात कालवा आटला, टँकरला वाट नव्हती, नर्सरी वाळली. मामा एका सोसायटीत माळीकाम करू लागला. त्याने तुझ्याशी बोलणं सोडलं, राखीला आला नाही, आणि तू गेलीस तेव्हाही आला नाही. नातेवाइकांत तू भावाच्या पोटावर पाय देणारी ठरलीस. मी वाट बघायचे की आज तू माझं नाव सांगशील. तू शेवटपर्यंत ते सांगितलं नाहीस. ती माया होती की शिक्षा, हे मला कधी ठरवता आलं नाही.

गेल्या महिन्यात मामा दुकानात आला. थकलाय. मुलीच्या फ्लॅटच्या बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी हवी होती. मी चहा मागवला. तुझ्या फोटोकडे बघत तो म्हणाला, "तुझी आई दगड होती. तू तशी नाहीस, बाळ."

मी म्हटलं, "होतीच ती तशी."

मला लाज वाटली, असं इथे लिहायला हवं. पण त्याने मला चांगली म्हटलेलं मला आवडलं, आई.