नको म्हटलेली पोटगी

आबा,

काल बारामतीच्या कोर्टात जाऊन आले. तुमच्या नातीला बारावीनंतर फार्मसीला जायचंय, आणि लोणी देवकरच्या कंपनीत पॅकिंगला उभं राहून माझ्या हाती जे येतं, त्यात घर भागतं, कॉलेजची फी भागत नाही. म्हणून बारा वर्षांनी तिच्या वडिलांकडे पोटगी मागायला गेले. तुम्ही असता तर दारातच आडवे आला असतात, हे मला ठाऊक आहे.

मध्यस्थीच्या खोलीत एक वकीलबाई बसतात. त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं का मागितली नाही?" मी म्हटलं, आमच्या वडिलांनी नको म्हटलं होतं. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "पोटगी मुलीच्या हक्काची असते. ती सोडायचा अधिकार ना तुमच्या वडिलांना, ना तुम्हाला." टेबलापलीकडे तो बसला होता. केस पिकलेत, सांगवीत दुसरा संसार आहे, दोन लेकरं आहेत. मान वर न करता म्हणाला, "म्या द्यायला गेलो हुतो की. आबांनी दारातनं परत लावलं." ते खरं होतं.

तेव्हा काडीमोड होऊन दोनेक महिने झालेले. पाच वर्षांच्या पोरीला घेऊन मी निमगावला तुमच्याकडे राहते आहे. अंगणात डाळिंबाचे क्रेट भरायचं चाललंय, डागी फळं तुम्ही बाजूला काढताय. तो फाटकातून आत येतो, हातात पाकीट. "पोरीसाठी आणलंय, आबा." तुम्ही हातातलं फळसुद्धा खाली ठेवत नाही. "आमची नात आमाला जड न्हाय. पैसं दिऊन बाप व्हता येत न्हाय. तुझं तुज्यापाशी ठिव, आन् परत हितं येऊ नगंस." तो गाडी वळवून निघून गेला. लेकीचा बाप असावा तर असा, असं गावात बरेच दिवस बोलत होते. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात, बाग भावाकडे गेली, आणि तुमचा शब्द तेवढा माझ्या गळ्यात राहिला. तुमचा फार राग येतो आबा, आणि भांडायला तुम्ही नाही.

पोर लहानपणी विचारायची, "पप्पा एकदाबी आलं न्हाईत व्हय गं?" मी न्हाय म्हणायचे. दरवेळी तेवढंच. मग तिनं विचारणंच सोडलं आणि मनातल्या मनात त्याला टाकून दिलं. आता पुढच्या तारखेला तिलाही आणा म्हणालेत. तिथं तो तेच सांगणार आणि पोर माझ्या तोंडाकडं बघत बसणार. परत येताना एसटीत ठरवलं, सगळं तुमच्यावर ढकलायचं. तुम्ही काही उठून बोलणार नाही. वकीलबाईंपुढंही मी तेच केलं.

हा कागद कुठंच जायचा नाही, म्हणून खरं लिहिते. त्याला परत लावण्याआधी तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराकडं वळला होतात. "काय करू गं, पोरी?" असं हळूच विचारलंत. भाकरी थापता थापता मीच मान हलवली, नको म्हणून.