फाटकात बसलेली बाभूळ

प्रिय मेहुणे वैजनाथराव यांस,

पडेगावहून बन्सीदाजीचा, कंबर वाकेल तितका, नमस्कार. जालन्यात सगळे खुशाल असतील. तुमचा गुडघा काय म्हणतो? (माझी कंबर काय म्हणते ते पुढं येईलच.) तुमच्या भगिनी मीनाक्षीबाई ठणठणीत आहेत, फक्त परवापासून माझ्याशी बोलत नाहीत.

झालं असं, की तिला बागेत चहा प्यायला बाक हवा होता, सावलीमागं एकटीला सरकवता येईल असा. तिनं वेताचा सांगितला. मी म्हटलं, वेत उन्हानं तडकतो, पावसानं कुजतो. लाकूड मी निवडणार. उभा जन्म पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला की बेअरिंगचं दुखणं कळतं, तिथं लाकडाची काय बिशाद! वखारीत शिरलो आणि ओंडक्यांना एकेक करून स्क्रूड्रायव्हर टेकवून, ठोकून ऐकलं. साग म्हणून दाखवलेलं पोकळ बोललं (वखारवाला त्याहून पोकळ हसला), आंबा तर वाळवीसकट बोलला. कोपऱ्यातली जुनी बाभूळ मात्र नव्या बेअरिंगसारखी निर्मळ वाजली. बाक करणारे फारूख मिस्त्री म्हणाले, "बन्सीभाई, ये बैलगाडी की लकडी है. भाभी कू बैठाना है के जोतना है?" मी हसलो, वर बाकाचे पाय पंपाच्या चौथऱ्याच्या मापाचे करायला लावले. त्यांच्या रंध्याचं पातं गेलं, पण बाक असा झाला की वाळवीनं बघून रस्ता बदलावा.

हमालांनी टेम्पोतून उतरवला, दम खायला फाटकात टेकवला. हमाल उठले, बाक उठला नाही; मी जोर लावला, तर माझीच कंबर धरली. आता गाडी आत, बाक फाटकात, आणि आम्ही बाजूच्या लहान दारातून तिरके होऊन येतो-जातो. काल मीनाक्षीनं भिंतीला सांगितलं, "मी माहेरी चालले." पण बस तिला लागते आणि गाडी बाकाच्या ताब्यात!

तुमचा,
बन्सीदाजी

ता. क. : ती तुम्हाला तुमच्या अमेय-शिवमसकट बाक उचलायला बोलावणार आहे. दोन्ही पोरांची कंबर धरलीय म्हणून सांगा. बाक हलला की गाडी सुटेल, गाडी सुटली की ती. तिचा राग उतरेपर्यंत एवढं कराच.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवताना खिडकीतून ऐकू आलं. मीनाक्षी आणि शेजारच्या फहमिदाभाभी त्याच बाकावर चहा पीत बसल्यात. आपली म्हणते, "इथं सावली बी आहे अन् रस्ता बी दिसतो. दादा आला की सांगणार, बाक राहू दे, ह्यांनाच उचलून ने."

म्हणजे लाकूड पसंत पडलं! पोरांना पाठवाच. मी बाकापेक्षा लई हलका आहे.