दोन चाकं पाठवतेय

आई गं,

भटकभवानीचा नमस्कार. बाबांची कॅरॅव्हॅन धड पोचली, मीही धड आहे. तुझा खोकला कसा आहे? तिकडे कोबार गावातली धूळ बसली का?

इथे समुद्राकाठच्या कड्यावर कायमची जागा मिळाली. गाडी लावली, तर शेजारची म्हातारी नोरीन ओरडली, "ए पोरी, आधी चाकं काढ! चाकं ठेवली की एक तर वारा गाडी पळवतो, नाहीतर मालकीण." मग तिनंच जॅक आणला. गाडी सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवली, साखळ्यांनी जमिनीला बांधली. मध्येच खाली पाण्यात एक देवमाशीण पिल्लाला घेऊन आली, म्हणून अर्धा दिवस काम बंद.

हां, काय सांगत होते? चाकांवर गाडी नुसती डुलायची. आता खाली लाट आपटली की तिची थरथर ठोकळ्यांतून थेट तळपायात येते. बाबांचा पत्र्याचा मग फळीवर आपोआप वाजतो. मी अनवाणी ऐकत राहिले, चहा उकळून गेला. एवढा थोरला समुद्र, आणि माझ्या घोट्यांत चढतो गं! बाबा असते तर त्यांनीही चहा उकळून जाऊ दिला असता.

तू म्हणालीस, तीन आठवड्यांत पळशील. मलाही तीच धास्ती आहे. म्हणून दोन्ही चाकं नोरीनच्या भाच्याच्या ट्रकमधून तुझ्याकडे पाठवतेय. बाबांच्या शेडमध्ये ठेव, कुलूप लाव. मी रडून मागितली तरी देऊ नकोस.

त्यापेक्षा तूच ये. दारात बूट काढ आणि नुसती उभी राहा.

तुझी बिनचाकी,
मेरिन