मागच्या फळीतलं दार

प्रिय बंधुराज,

अमूल्य सल्ल्याबद्दल आभार. जुन्या बोटीला मागून दार पाडणं म्हणजे पाण्याला आमंत्रण, असं तू फोनवर म्हणालास आणि लगेच तुला मीटिंग आठवली. समुद्राकडे पाठ फिरवून बसलेल्या माणसाला आमच्या बुडण्याची एवढी काळजी! ऊर भरून आला माझा.

आजारपणापासून बाबांचा उजवा पाय उचलत नाही, हे तुला कळवलं होतं. तू "अरेरे" म्हणाला होतास. कठडा ओलांडता येईना म्हणून ते धक्क्यावर खुर्ची टाकून आपल्याच बोटीकडे परक्यासारखे बघत बसायचे. मला ते बघवेना. शेवटी बोट वर ओढून घेतली आणि मागच्या फळीत, इंजिनाच्या बाजूला, दार करायला बोळक्याला बोलावलं. बोळका म्हणजे इथला बोटदुरुस्तीवाला. दात गेलेत, जीभ शाबूत आहे.

त्याने पाण्याच्या रेषेच्या बराच वर दाराचा उंबरा आखला आणि ग्राइंडर लावला. वरचं फायबर चकचकीत. आतलं प्लायवूड मात्र चहात पडलेल्या बिस्किटासारखं, बोट लावलं की लगदा. जिथे भगदाड होतं तिथे पुट्टी आणि तिच्यावर रंग. ओळखलंस ना? घर सोडण्याआधी तू मोठ्या तोऱ्यात नवी करून दिलेली फळी ती हीच. आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचो. पुट्टी थापलीस, रंग फासलास आणि बॅग भरलीस. त्या लगद्यावर इंजिन लटकवून बाबा इतकी वर्षं खोल पाण्यात जात होते. तुला एकदा तरी झोप लागली नसेल अशी माझी भाबडी समजूत आहे.

बोळक्याने सगळ्यांदेखत विचारलं, हे कुठल्या गाढवाचं काम? मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "माझंच आहे. तेव्हा घाई केली मी."

धक्का हसला. ज्यांच्या हाताखाली निम्मा धक्का काम शिकला, ते मान खाली घालून हसू ऐकत राहिले. घरी मी भांडले, तर म्हणाले, पोराला उगाच नावं ठेवू नकोस. तुझी इतकी चीड मला आजवर कधी आली नव्हती.

असो. फळी नवी बसली, आतून बाहेरून खरी. दार झालं, भक्कम कडी लागली. बाबा माझा खांदा धरून त्यातून चालत आत गेले आणि खुर्चीही आत नेली. आता रोज बांधलेल्या बोटीत बसतात. मी म्हटलं, चला, मी इंजिन चालवते. तर नाही. पहिली फेरी तू आल्यावरच, इंजिन तुझ्याच हातात.

म्हणून हे पत्र. माझ्या मनावर असतं तर तुला चार ओळीही लिहिल्या नसत्या. ये. पण बोटीकडे जाण्याआधी धक्क्यावर बोळक्यासमोर उभा राहा आणि ते काम कुणाचं होतं, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. तुझ्यासाठी दाराची कडी मी त्यानंतरच काढीन.

नाइलाजाने का होईना, तुझीच,
ताई