किटलीवालीच्या भेगांतलं कुंकू

अण्णा,

तुमची किटलीवाली नकली आहे, असं आज एका माणसाने माझ्याच घरात बसून मला सांगितलं, म्हणून लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता विचारायचं कुणाला तेच कळत नाही. परंड्याच्या आपल्या दुकानात गल्ल्यामागच्या फळीवर ती उभी असायची. चहाच्या कंपनीने दुकानदारांना जाहिरातीसाठी दिलेली चिनी मातीची बाई, हातात किटली, पायाशी कंपनीचं नाव. मी बार्शीला कॉलेजात निघाले त्या सकाळी तुम्ही ती फळीवरून उतरवलीत, धोतराच्या सोग्याने पुसलीत आणि माझ्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवलीत. म्हणालात, "आपल्याकडची चांगली वस्तू हीच." पुढे धाकटीच्या लग्नात तुम्ही तिलाही तशीच एक दिलीत, आतल्या पेटीतून काढून. मी समजले, कंपनीच्या एजंटाकडून दुसरी मागवली असेल. फळीवरची खरी, ती माझ्याकडे. हे मी कधी बोलले नाही, पण जन्मभर तसं धरून चालले.

सोलापूरचे एक गृहस्थ जुन्या जाहिरातींच्या वस्तू जमवतात. त्यांना माझी बाहुली पाहायची होती. नकला फार निघाल्या आहेत, जोडीला दुसरी ठेवली की ओळखणं सोपं जातं, असं त्यांनी कळवलं, म्हणून मी धाकटीला तामलवाडीहून बोलावून घेतलं. तिने आपली बाहुली टॉवेलात गुंडाळून, पिशवीत जोंधळ्याच्या पिठावर ठेवून आणली. दारातच म्हणाली, "माझीच नकली निघंल, आक्का. न्हाणीच्या कोनाड्यात असती ती. राखुंडीची डबी टेकवायला लई बरी पडती."

गृहस्थांनी दोघींना टेबलावर शेजारी उभं केलं. माझी नखभर ठेंगणी निघाली. इतकी वर्षं एकटी उभी होती, कळणार कसं? ते म्हणाले, मूळ बाहुलीवरूनच नवा साचा काढला की कच्ची माती भट्टीत आकसते, त्यामुळे नक्कल नेहमी थोडी लहान. मग त्यांनी मला पायाशी बोट फिरवायला लावलं. धाकटीच्या बाहुलीवर कंपनीचं नाव बोटाला लागत होतं. माझ्या बाहुलीवरची अक्षरं चोखून टाकलेल्या गोळीसारखी गुळगुळीत. शेवटी त्यांनी माझ्या बाहुलीच्या कपाळावर आणि पायांवर भिंग धरलं. "झिलईला केसासारख्या भेगा आहेत, त्यांत लाल भरलंय. जुनी दिसावी म्हणून असा रंग चोळतात, बाई."

"ते कुंकू आहे," मी म्हटलं. शाळेत शिकवताना वर्गात बोलायचे तशी बोलले असेन, कारण धाकटी खाली बघून हसली.

"कुंकू असेल. पण साचा उसनाच."

अण्णा, मला ती खंडेनवमी आठवते. तुम्ही तराजू धुऊन पाटावर मांडता, त्याच्या शेजारी मापं, आणि त्यांच्या ओळीत किटलीवाली. मी मॅट्रिकला आहे, तोंडाळ आहे. म्हणते, ही तर नुसती जाहिरात, हिला कशाला हळदकुंकू? तुम्ही वर न बघता म्हणता, "जाहिरात कंपनीची. दुकान आपलं हाय. जी आपल्या फळीवर उभी ऱ्हाती, तिला बोट लावायचं." आणि मग, "शाळेत हेच शिकवत्यात व्हय?" मग धाकटी पाटाशी बसून बाहुलीच्या कपाळाला बोट लावते.

म्हणजे इतकी वर्षं पूजा नकलीची होत होती. तुम्हाला ठाऊक होतं? एजंटाने फसवलं, की मोडेल म्हणून खरी पेटीत जपून ही फळीवर ठेवलीत? मग मला चांगली वस्तू म्हणून नेमकी कोणती दिलीत? शिकायला निघालेल्या मुलीला हलकी वस्तू चालेल असं वाटलं, की दुकानाचा जीव जिच्यात होता ती दिलीत? मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दोन्ही बाजू पटतात, हेच मला पटत नाही.

गृहस्थांनी धाकटीची बाहुली संग्रहासाठी मागितली. ती म्हणाली, "इकायची न्हाय." मग माझ्याकडे वळली. "आक्का, तू रागवू नको. खरी तू ठेव, तुझं कपाट काचंचं हाय. मला ही ठेंगणी दे."

"नकली घेऊन काय करशील?"

"मी बोट लावलेलं हाय ना तिला."

मी नाही म्हणू शकले असते. माझ्या ट्रंकेत तुम्ही ठेवलेली ती हीच. पण जिने न्हाणीतून आणून मला खरी दिली, तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? ती बसने गेली. हे पत्र कुठल्या पाकिटात घालायचं नाही, तेव्हा काय दिलं नि काय घेतलं तेवढं नीट लिहून ठेवते.

धाकटीला दिली: किटलीवाली, ठेंगणी, अक्षरं पुसट, भेगांत कुंकू. तिच्याच टॉवेलात बांधून.

तिच्याकडून घेतली: किटलीवाली, अस्सल, झिलई अखंड, कपाळ कोरं. ती गेल्यावर मी बोट लावून पाहिलं. कुंकू धरत नाही.