‘शमशीर-ए-जमुर्रद’ची चिरफाड

१ फेब्रुवारी १९७१, सोमवार
नगरहून विष्णुपंतांचं पत्र. त्यांच्या साप्ताहिकात सिनेमाचं सदर सुरू करायचंय. एक परीक्षण पाठवा, पसंत पडलं तर सदर कायमचं तुमचं. पसंत पडलं तर म्हणे! बेलापुरात सिनेमा कळणारा माणूस एकच, आणि तो हायस्कुलात मराठी शिकवतो. हे सदर मला मिळालंच पाहिजे. बारा वर्षं निबंध तपासून माझी भाषा गंजत चाललीये.
उद्यापासून पहाटे साडेपाचला उठून एक पान लिहिणे.

२ फेब्रुवारी, मंगळवार
सव्वासातला उठलो. थंडी फार.
छगनच्या टुरिंग टॉकीजचा टांगा कर्णा लावून गावभर फिरतोय. शुक्रवारी ‘शमशीर-ए-जमुर्रद’. नवा, संपूर्ण रंगीत. म्हणजे जुन्याचा रिमेक. डोकंच फिरलं. मूळ ‘जमुर्रद’ मी सत्तेचाळीस साली नगरला पाहिला, तेरा वर्षांचा असताना. वडिलांनी मला दाखवलेला एकुलता एक सिनेमा. तो सात तोंडांचा अजगर पाहून मी वडिलांचा सदरा दाताखाली धरला होता. तसलं काम आता कोण करणार? आता नट केस विंचरतात आणि तलवार छत्रीसारखी धरतात.
परीक्षणाला विषय मिळाला.

४ फेब्रुवारी, गुरुवार
निम्मं परीक्षण लिहून झालं. सिनेमा अजून पाहायचाय, पण पाहिल्याने मत बिघडण्याचा धोका असतो. दोनच जागा कोऱ्या ठेवल्यात, हिरो आणि अजगर.
नीलांबरी म्हणाली, आधी बघून तर या. बायकोला टीकाशास्त्र समजावणं अवघड आहे.

५ फेब्रुवारी, शुक्रवार, रात्री ९.४०
आत्ताच आलो. जे वाटलं होतं त्याहून वाईट.
मुद्दाम उशिरा आत गेलो. क्रिटिकने पाट्या आणि जाहिराती पाहत बसायचं नसतं. बाहेर चहा घेत होतो तेव्हा छगन कर्ण्यावरून काहीतरी लांबलचक सांगत होता. तंबूत लोक ओरडले, मग हसले. दोघंतिघं तिकीट परत करून बाहेर पडले. टेस्ट असलेली माणसं अजून आहेत गावात.
नीलांबरी आधीच बायकांच्या बाजूला जाऊन बसली होती. पुरुषांच्या बाजूला शाळेचा शिपाई सहादेव माझ्या शेजारी आला. जाहिरातीत संपूर्ण रंगीत आणि पडद्यावर काळं-पांढरं. शुद्ध लबाडी. प्रिंट नवी कोरी म्हणे, आणि पडद्यावर रेघांचा पाऊस. हिरो पन्नाशीचा, पोट सुटलेलं, तलवार काढताना धाप लागते. जादूगाराची दाढी एका बाजूने सुटली होती. आणि अजगर! गोधडी शिवून केलेला. खाली माणसांचे पाय स्पष्ट दिसत होते, एकाच्या पायात तर चप्पल.
सहादेव टाळ्या पिटत होता. सर, ह्यो तर, असं काहीतरी सुरू केलं त्याने. मी हात करून थांबवलं. लई भारी हाय, एवढंच म्हणणार ना.
परत येताना नीलांबरीही, अहो, ऐका ना, म्हणत होती. म्हटलं, तुझं मत लेख छापून आल्यावर.

६ फेब्रुवारी, शनिवार
दोन्ही कोऱ्या जागा भरल्या. शेवटचं वाक्य: ‘मूळ जमुर्रदचा अजगर ज्याने पाहिला, त्याने हे गाठोडं पाहून तोंड धुवावं.’ स्वतःच तीनदा वाचलं. पोस्टात टाकलं.
नीलांबरी पुन्हा, अहो, त्या सिनेमाचं, म्हणाली. पोस्टाची वेळ झाली होती.

१३ फेब्रुवारी, शनिवार
छापून आलं. दुसरं पान, वरती. बाजारातून दोनदा चक्कर मारली. लोक बघून हसत होते. आदरानेच. डेपोजवळ कुणीतरी हात जोडले.
आता सदराचं नाव ठरवायला हवं.

१४ फेब्रुवारी, रविवार
सकाळीच छगन अंक घेऊन दारात. रागावलेला नव्हता, तेच वाईट. म्हणाला, सर, नव्या पिक्चरची पेटी एस.टी.वाल्यानं चुकून अकोल्याला उतरवली हुती. मंग म्या जुनाच जमुर्रद लावला. कर्ण्यावर समद्यांना सांगितलं, पटत नसंल त्यानं पैसं परत घ्यावं. तुमी बाहेर चा पीत हुता. नवा तर अजून लागलाच न्हाई, आन तुमच्या लेखानं आता त्याला कोन येनार?
मी म्हटलं, बघू. दार लावलं.
नीलांबरीला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, तंबूतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच दिवशी, दुपारी
जेवलो नाही.
म्हणजे अजगर तोच होता. गोधडी तीच, चप्पलही तीच. सत्तेचाळीस साली मला पाय दिसले नव्हते. वडिलांना दिसले असणार. ते मोठे होते, डोळे चांगले होते. माझ्याकडे बघून गप्प बसले असतील. परतीच्या गाडीत मी अजगराबद्दलच बोलत होतो आणि ते हं हं करत होते.
आणि मी ते सगळं दुसऱ्या पानावर छापून आणलं. वडील असते तर अंक घडी करून ठेवला असता आणि काही बोलले नसते. फार वाईट वाटतंय.
विष्णुपंतांचं पत्र आता येईल. सदर गेलं.

१७ फेब्रुवारी, बुधवार
विष्णुपंतांचं पत्र आलं. छगनकडून त्यांना सगळी हकिगत कळलीये. लिहितात, जुनाच सिनेमा नवा समजून त्याला शिव्या देणारा अर्धवट क्रिटिक उभा करायचा, ही तुमची कल्पना अफलातून. छापखान्यातले खिळे जुळवणारेसुद्धा हसून लोळले. इतका विनोदी लेख आम्ही कधी छापला नव्हता. सदर तुमचंच. मात्र सिनेमाचं नाही, विनोदाचं. दर शनिवारी, असंच.
पत्र तीनदा वाचलं. मग होकार लिहिला.

१८ फेब्रुवारी, गुरुवार
पहिला लेख उद्या जायला हवा. काहीच विनोदी सुचत नाहीये. नीलांबरीला विचारलं, काय करू?
म्हणाली, सुचायला कशाला हवं? तुम्ही नेहमीसारखं मनापासून लिहा.