यवतमाळच्या बदलीवर एक चिनी कविता

१२ मे. बुद्धपौर्णिमा, सुट्टी.
धम्मरत्नकडे खिरीला गेलो. दुसरी वाटी वाढता वाढता त्याने सांगितलं, ऑर्डर आली. अधीक्षक म्हणून बढती, यवतमाळला बदली, एक जूनला निघायचं. मी म्हणालो, अभिनंदन. आवाज नीट निघाला. दुसरी वाटी मात्र अर्धीच ठेवली. साखर जास्त झाली होती.
आम्ही मेहकरच्या या ऑफिसात एकाच दिवशी लागलो. ज्याच्यासमोर मी काही न बोलता तासभर बसू शकतो असा हा एकच माणूस. त्याला ऑफिस काय देणार? शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. नुसत्या कल्पनेने शिसारी आली.
संकल्प : मी त्याला कविता देणार. माझी नाही. चिनी.

१३ मे. सकाळी.
यामागे विचार आहे. जुने चिनी कवी बहुतेक सरकारी नोकर. परीक्षा, नेमणूक, वरिष्ठांची मर्जी, लांबच्या जिल्ह्यात बदली. मग मित्र नदीपर्यंत पोचवायला येतो आणि कविता लिहितो. आपल्याकडे बदलीवर फक्त अर्ज लिहितात.
खामगावच्या रद्दीवाल्याकडून घेतलेला इंग्रजी अनुवादांचा जाडजूड संग्रह माझ्याकडे आहे. त्यातली निरोपाची एक कविता निवडली. आठ ओळी. दोन संध्याकाळी पुरेत.

१५ मे.
एकाच अनुवादावर विसंबणं अप्रामाणिकपणाचं. त्याच कवितेचे आणखी दोन अनुवाद मोबाइलवर शोधले. आता पंचाईत. जाड पुस्तकात जाणारा मित्र रडतो. दुसऱ्यात तो हसतो, आणि मला दाट संशय आहे की तो केवळ यमक जुळावं म्हणून हसतो. तिसऱ्यात कोण जातोय आणि कोण राहतोय तेच कळत नाही.
हे लोक प्रोफेसर आहेत. पगार घेतात. किळस आली.

१६ मे.
चिनी लोक निरोपाला विलोची फांदी मोडून देत. विलो म्हणजे काय? शब्दकोशात 'एक प्रकारचा वृक्ष'. आभारी आहे. मेहकरात बाभूळ आहे, पण मित्राच्या हातात बाभळीची फांदी देणं बरं दिसत नाही. कडुलिंब घातला. सध्या.

१८ मे. रविवार.
धम्मरत्नचा फोन. "माळ्यावरचा जुना कूलर काढाचा हाय बे, एकट्यानं निघत नाही. येतं का?" म्हणालो, कामात आहे. खोटं नव्हतं. दारूच्या शब्दाशी सकाळपासून झटत होतो. कवितेत दोघे मित्र शेवटचा प्याला घेतात. 'दारू' लिहिलं की पोलीस केस वाटते. 'मद्य' म्हणजे उत्पादन शुल्क खातं. 'वाईन' म्हणजे बस स्टँडमागची पाटी. आणि धम्मरत्न पंचशील पाळणारा, तो पानसुद्धा खात नाही. 'पेय' लिहिलं.
कूलर त्याने आणि मयुरीवहिनींनी काढला म्हणे. निघाला ना? मग.

२० मे.
स्वतःची तपासणी करणं माणसाचं कर्तव्य आहे. म्हणून विचारलं : मला त्याच्या बढतीचा हेवा वाटतो का? उत्तर : नाही. विभागीय परीक्षेचा फॉर्म मी तत्त्व म्हणून भरला नव्हता. (त्या वर्षी वाचन फार होतं.) पुन्हा विचारलं. नाही. तिसऱ्यांदा विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. तेवढ्यात सुवर्णाने जेवायला हाक मारली.

२३ मे.
पाचवी ओळ. नदीकाठी माकडं आक्रोश करतात. सुवर्णाला वाचून दाखवली. बायकोला वाचून दाखवायचं नाही असा जुना नियम आहे, तो मोडला. ती भाजी निवडत म्हणाली, "माकडायले काय झालं रडाले? आपल्या इथले तं सारी पपई खाऊन कौलावर दात काढून बसतात." मी समजावलं की चिनी परंपरेत माकडाचा आवाज म्हणजे विरह. ती म्हणाली, "मंग आपल्या माकडायले चीनले पाठवा. आन् तुमी एकडाव मयुरीकडे चक्कर टाका. मी तीन दिवसांपासून भांडे बांधू लागून राह्यली, ते रोज पुसते, भाऊजी काऊन नाही आले."
या घरात परंपरेला जागा नाही.

२५ मे. रविवार.
धम्मरत्न स्वतःच आला. बसला. पाणी प्याला. नेहमीसारखे न बोलता बसलो, पण आज ते जमेना. मग म्हणाला, "टेंपोत माह्यासंगं चाल न बे. मयुरी अन् पोट्टे बसनं येतात. आपून दोघं सामानासंगं जाऊ. एक रात ऱ्हायजो, सकाळच्या गाडीनं वापस. तिथं मले कोनी वयखत नाही. घर उघडतानी तू असला तं बरं वाटंल."
मी म्हणालो, बघतो, हातात एक महत्त्वाचं काम आहे. तुझ्यासाठीच आहे.
"माह्यासाठी?" तो म्हणाला. "मंग चाल न."
गेल्यावर बराच वेळ वाईट वाटलं. कशाचं ते शोधलं. सातव्या ओळीचं. तिथे तिन्ही अनुवाद कमजोर आहेत.

२८ मे.
निर्णय घेतला. मित्र रडतो. दोन अनुवाद नीट वाचले तर दुःखाच्या बाजूचे आहेत, आणि बदली ही शेवटी हद्दपारीच. धम्मरत्न आनंदात दिसतो, पण तो वरवरचा आनंद आहे. आत खोल तो नक्की दुःखी असणार. नसला तर असायला हवा.
पूर्ण झाली :

तापाच्या मुलखात निघालास, मित्रा,
वरिष्ठांची मर्जी फिरली.
कडुलिंबाची फांदी घे;
पेयही आता संपलं.
नदीकाठी माकडं आक्रोशतात,
तुझे डोळे भरून येतात.
तिकडून परत आलेला
कुणी मला माहीत नाही.

वाचताना अंगावर काटा आला. स्वतःच्याच लेखनावर काटा येणं योग्य का, यावर थोडा विचार केला. अनुवाद आहे, म्हणजे चालतं.

३० मे. निरोप समारंभ.
मला 'मनोगत' दिलं होतं. थेट कविता वाचणं श्रोत्यांवर अन्याय, म्हणून आधी तिन्ही अनुवादांमधले भेद थोडक्यात सांगायला घेतले. विलोपाशी साहेबांचा फोन वाजला. पेयापाशी ते बाहेर गेले. माकडांपर्यंत पोचलो तर मागून शालूताई (आमच्या आवक-जावकच्या) म्हणाल्या, "सर, कविता मंग व्हॉट्सॲपवर टाकजा, समोसे थंडे होऊन राह्यले." लोक हसले. धम्मरत्न हसला नाही. तो पुढे वाकून ऐकत होता, आणि मी कागद घडी घालून खिशात ठेवला.
शाल दिली. नारळ दिला. घड्याळ दिलं. तो घड्याळ सगळ्यांना दाखवत होता. एवढ्याशा गोष्टीने माणूस इतका खूश होतो हे बघवेना. समोसा खाल्ला. थंडच होता.

१ जून. रविवार, दुपारी लिहितो आहे.
सकाळी गेलो. टेंपो भरून झाला होता. मयुरीवहिनी उंबऱ्याशी झाडत होत्या, सोडायच्या घरातला कचरा जाणाऱ्यानेच काढावा म्हणतात. धम्मरत्न दोर आवळत होता. म्हणाला, "आला? बस पुढं, ड्रायव्हरजवळ जागा ठेवली." मी सांगितलं की यायला जमणार नाही, पण कविता वाचणार आहे. तो दोर हातात धरून उभा राहिला. "वाच."
वाचली. सावकाश, सगळ्या आठ ओळी.
वहिनी झाडू थांबवून म्हणाल्या, "भाऊजी, यवतमाळले ताप कोनाले आला? आमी तं खुशीनं चाललो. क्वार्टर भेटलं, पोट्ट्यायले कॉलेज जवळ."
मी म्हणालो, ही जुनी कविता आहे, त्या काळात तिकडे ताप असे.
धम्मरत्न म्हणाला, "थे झालं थ्या चिन्याचं. चांगलं हाय. तुहं सांग. मी चाललो, तं तुले कसं वाटते?"
प्रश्न सोपा होता. उत्तर मराठीतच द्यायचं होतं. तो वाट बघत होता, ड्रायव्हरसुद्धा बघत होता. माझं तोंड उघडलं आणि त्यातून जे निघालं ते इथे तसंच लिहितो, कारण वहीशी खोटं बोलायचं नाही. मी म्हणालो, "तुझं टेबल आता मी घेऊ का? खिडकीजवळचं. अधीक्षकाच्या टेबलासारखं दिसतं."
त्याने मग गाठ मारली, ओढून पाहिली. "घे न बे," म्हणाला. "मले काऊन विचारतं."
टेंपो सुरू झाला. पुढची सीट रिकामी होती, तिच्यावर त्याने घड्याळ ठेवलं.
चिनी कवितेत निरोप देणारा नाव दिसेनाशी होईपर्यंत उभा असतो. मी टेंपो वळेपर्यंत उभा होतो. वळण जवळच होतं.

२ जून. सोमवार.
सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. भारदस्त वाटलं. दुपारी पश्चिमेचं ऊन थेट टेबलावर आलं आणि हललं नाही. पंख्याचा वारा इथवर पोचत नाही. शाईपॅड वाळलं. मान भाजली. इतकी वर्षं हा माणूस इथे बसला आणि एकदाही बोलला नाही.
चारच्या सुमारास उठून माझ्या जुन्या जागेकडे गेलो, पंख्याखाली. तिथे शालूताई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता नाही हं सर. आजवर मी ही जागा मांगतली की धम्मरत्न भाऊ आडवे येत. म्हनत, पंख्याखाली त्यालेच बसू द्या, थो वाचत असते. पन आता तुमीच उठले न, आपल्या मनानं."
परत येऊन उन्हात बसलो.